लाल फितीचं फावडं

स्ट्रिकलरांच्या घरात नवी सून येते तेव्हा सासू तिला फावडं देते. दुकानातून नवंकोरं आणलेलं, दांड्याला लाल फीत बांधलेलं. लग्नाचा केक कापून झाला की सगळ्यांसमोर ते बाहेर येतं आणि दर वेळी तेच विनोद होतात. नवऱ्याला हाणायला बरं पडेल, आता जन्मभर शेण काढ, वगैरे. माझ्या लग्नात हार्लनचा एक चुलता म्हणाला होता, "पोरी, दुसरीकडे हिरे देतात. पण हिऱ्यानं पाटाचं पाणी वळवता येत नाही." मीही हसले होते.

पुढे त्या फावड्यानं मी पाट खणले, बर्फ उपसला, गोठ्यातले खुळखुळे साप मारले. दांडा दोनदा बदलला. फीत मात्र माझ्या सासूबाईंनी, ओपलनी, मला कधी काढू दिली नाही. मळून काळी झाली, तरी नव्या दांड्यावर तीच पुन्हा बांधायला लावली. कारण विचारलं तर म्हणायच्या, "तुझं कुठलं ते कळायला नको?" घरात फावडी ढीगभर होती, आणि दुसऱ्या कुठल्याही फावड्याबद्दल त्यांना असली काळजी नव्हती. पण सासूच्या प्रत्येक विक्षिप्तपणाच्या मागे लागायचं म्हटलं तर संसार कधी करायचा?

मी डाग तपासते. आमच्या वायोमिंगात गुरं विकायची किंवा काउंटीबाहेर न्यायची तर आधी डाग तपासणाऱ्याला बोलवावं लागतं. जनावराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उठवलेला मालकीचा डाग बघायचा, कानाची खूण बघायची, मालकाचा दाखला बघायचा. जुळलं तर सही, नाही तर ट्रक जागेवर. समोरचा माणूस किती सज्जन आहे याच्याशी काही संबंध नाही, उलट फार सज्जन दिसला तर मी दोनदा बघते. या कामानं माझा स्वभाव संशयी झाला असं लोक म्हणतात. खरं म्हणजे स्वभाव आधीपासून तसा होता म्हणूनच हे काम मिळालं. हार्लन चारचौघांत सांगायचा, "ही चर्चमध्ये पाद्र्याचाही कान बघते, खूण आहे का म्हणून."

हार्लन माझा नवरा. लांबोडका, मितभाषी, मिशाळ. उजव्या हाताचा अंगठा अर्धा. तरुणपणी फास टाकताना दोर खोगिराच्या खुंट्याला गुंडाळला, मध्ये अंगठा सापडला, आणि पलीकडून बैलानं ओढ दिली. या धंद्यात असे अर्धे अंगठे पुष्कळ दिसतात. त्याच्या हातमोज्यांचा उजवा अंगठा मी कापून, आखूड करून, लाल दोऱ्यानं शिवून द्यायची. नाही तर रिकाम्या टोकात बर्फ भरायचं. दर थंडीत एक नवा जोड, लाल दोरा, माझे वाकडेतिकडे टाके. शिवणकाम मला कधीच जमलं नाही.

आमच्या जेवणघराच्या भिंतीवर एक गाईचं कातडं ताणून लावलंय. त्यावर तापल्या तारेनं घराण्याची वंशावळ कोरली आहे. सगळ्यांत वर एब्नर आणि लव्हिना, हार्लनचे पणजोबा-पणजी. शेगडीच्या वर एब्नरची गुरांना डाग द्यायची डागणी टांगलेली आहे. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी दांडी आणि टोकाला ए आणि एल ही दोन अक्षरं एकाच पायावर उभी. लोहार त्या दिवशी प्यायलेला असावा, कारण ए-ची मधली रेघ डावीकडे घसरली आहे. नंतर केलेल्या सगळ्या डागण्यांची रेघ सरळ आहे. घसरलेली रेघ फक्त या एकीची, आणि डोळे मिटून बोट फिरवलं तरी मी ती ओळखीन.

एब्नर आणि लव्हिना टेक्सासहून गुरांच्या तांड्याबरोबर वर उत्तरेला आले आणि सॉरेल ओढ्याकाठी टेकडीत खोली खणून राहिले. बिगहॉर्न डोंगराच्या या अंगाला तेव्हा कुंपण नव्हतं, शेजारी नव्हता. दुसराच हिवाळा अठराशे सत्याऐंशीचा आला. त्या हिवाळ्यात या मुलखातली गुरं कशी मेली ते शाळेतही शिकवतात. जानेवारीत वादळ उठलं आणि एब्नरची गुरं वाऱ्याला पाठ देऊन निघाली. गुरं तशीच करतात, अडवणारं काही येईपर्यंत चालत राहतात. एब्नर डागणी घेऊन त्यांच्या मागे गेला. बर्फाच्या ढिगात ती दांडी खुपसून बघायचं, खाली जनावर आहे का. तो कितीतरी दिवस आला नाही. लव्हिनानं आशा सोडली, आणि एका दुपारी तो दारात उभा राहिला. बोटं शाबूत, नाक शाबूत, खांद्यावर डागणी. तो गेला होता खालच्या अंगाला, आणि आला वरून, डोंगराकडून. "कॉफी आहे का?" एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यांना पोरं झाली, घर भरलं. त्याआधी एकही नव्हतं.

दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना ओपल ही गोष्ट सांगत. "मग लव्हिना काय म्हणाली?" पोरं ओरडत.

"म्हणाली, आहे. अन् दिली."

सगळे टेबल बडवून हसत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी विचारलं, "पण इतके दिवस तो होता कुठं?"

पोरांनी ताटांत माना घातल्या. ओपल माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या घरात वादळातून आलेल्या माणसाला ते विचारत नाहीत, मार्वा. बटाटे सरकव इकडे."

दुसरी एक रीत होती. आमच्या खालच्या कुरणाचा आग्नेयेचा कोपरा म्हणजे लव्हिनाचा कोपरा. इथली वादळं वायव्येकडून येतात, त्यामुळे वाहत गेलेली गुरं शेवटी त्याच कोपऱ्यात, कुंपणाला अडून मरतात. वादळ ओसरलं की तिथं जाऊन मेलेली मोजायची, जगलेली आणायची. हे काम घरातल्या बायका करतात, पुरुष नाही. एब्नरला तिथं फार सोसावं लागलं, म्हणून लव्हिनानं त्याला पुन्हा जाऊ दिलं नाही, असं कारण सांगत. माझ्या लग्नानंतर ते काम ओपलच करत होत्या. एवढ्या मोठ्या रँचवरचा तो एकच कोपरा मी जवळून पाहिला नव्हता.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात, ऐन वेताच्या दिवसांत, वादळ आलं. गवत हिरवं व्हायला लागलं होतं. सकाळी पाऊस होता, न्याहारी होईतो त्याचं बर्फ झालं, आणि मग समोरचा गोठा दिसेना. पहिलारू गाई खालच्या कुरणात होत्या. "त्यांना ओढ्याच्या आडोशाला आणतो," हार्लन म्हणाला. नवे हातमोजे चढवले, घोड्यावर बसला. कुत्रा, टिक, मागे पळाला. मी दारातून ओरडले, "कुंपण धरून जा!" त्यानं हात वर केला. अर्धा अंगठा, लाल टाके. तेवढं मी पाहिलं.

जेवणाच्या वेळेआधी टिक एकटा परत आला, पोटाखाली बर्फाचे गोळे लोंबत. मागोमाग घोडा आला, रिकामा. मी कोट चढवला. बाहेर जायला निघाले तर ओपलनी दंड धरला. अंगणापलीकडच्या त्यांच्या छोट्या घरातून त्या दोन घरांमध्ये बांधलेला दोर धरून आल्या होत्या. "तू गेलीस तर दोघं जाल. कॉफी ठेव."

"कॉफी काय ठेव!"

"ठेव म्हणते ना."

ठेवली. दुपार ढळत आली तेव्हा वायव्येच्या खिडकीत काहीतरी हललं. वारा पाठीशी घेऊन, डोंगराच्या बाजूनं, एक माणूस चालत येत होता. लांबोडका. मी दार उघडून तशीच बर्फात पळाले, त्याच्या गळ्यात पडले, लहान पोरीसारखी मोठ्यानं रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. "बास, बास. आलो ना," म्हणाला. आणि आत येऊन टोपी काढत, "कॉफी आहे का?"

मी कप भरायला वळले तेव्हा ओपल त्याच्याकडे बघत होत्या. आनंदानं नाही. बाजारात आणलेल्या जनावराकडे बघावं तसं, मानेपासून खुरापर्यंत. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "फावडं कुठं ठेवलंयस तुझं?"

मला वाटलं, पायऱ्यांवरचं बर्फ काढायला हवंय. "कोठीत," मी म्हटलं.

त्या रात्री मी शांत झोपले. संशय दुसऱ्या दिवशी आला, आणि तोही एकदम नाही. ज्याला मी मिठी मारली त्याच्या मिशीवर बर्फ नव्हतं. खाली गेलेला माणूस वरून कसा आला? टिक घरात येईना. ट्रकखाली पडून राहिला, हार्लन दिसला की आणखी आत सरकायचा. भेदरट कुत्रं नव्हे ते, हार्लनच्या ताटातलं खाणारं. घोड्यानं त्याला खोगीर चढवू दिलं नाही. मग आम्ही वाचलेल्या गाईंना वैरण द्यायला गेलो. हार्लननं ट्रकवर उभं राहून हाक दिली, ती लांबलचक हाक, जी ऐकली की आमची गुरं पोट हलवत पळत सुटतात. गाईंनी माना वर केल्या. बघत राहिल्या. एकही हलली नाही.

"हाकेला काय झालं यांना?" तो म्हणाला. "तू दे बघू."

मी दिली. सगळ्या पळत आल्या.

मी नवऱ्याला तपासायला लागले. सांगायला लाज वाटते, पण मला येतं ते तेवढंच. अंगठा बघितला. तुटलेल्या जागेवरची वळी, नखाचं उरलेलं कुसळ, सगळं होतं. पोटावरची टाक्यांची खूण होती. पाठीवरचा तीळ होता. हातमोजे खुंटीवर होते, माझा लाल दोरा, माझे वाकडे टाके. जेवताना आमच्या मुलाबद्दल सहज विचारावं तसं विचारलं, "कोल जन्मला त्या दिवशी दवाखान्यात तू काय घेऊन आला होतास, आठवतं?"

"हगवण लागलेलं वासरू. पुढच्या सीटवर." त्यानं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "नर्सनं आम्हा दोघांनाही हाकललं."

तो माझ्याकडे बघून हसला. "आणखी काय बघायचंय, इन्स्पेक्टरबाई? दात?"

"दाखव," मी म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं. डावीकडची चांदीची दाढ होती. मी बत्ती धरून बघितली, आणि तो तोंड उघडं ठेवून शहाण्यासारखा बसून राहिला. हार्लन असा कधी बसला नसता. त्यानं माझं बोट चावायचं नाटक तरी केलं असतं. की केलं नसतं? थकलेला होता, वादळातून वाचला होता. खोट काढायला एवढंच सापडत होतं, की काढायला खोटच नव्हती. मला एकटीलाच वेड लागत असेल तर? तेही मी मनाशी तपासून पाहिलं.

चार दिवस ऊन पडलं, बर्फ खचायला लागलं. सकाळी ओपल आल्या. हार्लन गोठ्यात होता.

"कोपऱ्यात बघून यायला हवं," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेले आता. तू जा."

"हार्लनला घेऊन जाते. मेलेल्या गाई ओढायला—"

"हार्लनला नाही." एवढ्या जोरात म्हणाल्या की त्याच दचकल्या. मग माझ्या कॉलरची घडी नीट केली. माझ्या आईनं केली असती तशी. ओपलनी तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. "फावडं घेऊन जा, पोरी."

कोठीत फावडं खिळ्यावर होतं. फीत बदललेली होती. नवी, लालभडक.

मी घोड्यावरून निघाले. टिक पहिल्यांदाच ट्रकखालून निघाला आणि पुढे धावायला लागला. ऊन चांगलं होतं. बर्फाखालून पाणी वाहण्याचा आवाज येत होता, चंडोल ओरडत होते. कुंपणालगत आमच्या काही गाई मरून पडल्या होत्या, नाकपुड्यांत बर्फ गोठलेलं. मी डाग बघितले. सगळ्या आमच्याच. पुढे कोपऱ्याकडे काळेपांढरे मॅगपाय पक्षी एका बर्फाच्या ढिगावर उतरत होते, उडत होते, पुन्हा उतरत होते.

कोपऱ्यात झाडं नाहीत. कुंपणाच्या दोन बाजू जिथं भेटतात तिथं जमिनीला उंचवटे होते. लांबट, गवत चढलेले, एकाच दिशेला. प्रत्येकाच्या डोक्याशी ओढ्यातला एक गोटा. मी घोड्यावरून उतरले. सगळ्यांत जुना उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. त्याच्या डोक्याशी गोटा नव्हता. जमिनीत एक लोखंडी दांडी रोवली होती, गंजून लाल झालेली, टोक वर.

मी हातमोजा काढून टोकावरून बोट फिरवलं. एक पाय, त्यावर दोन अक्षरं. मधली रेघ डावीकडे घसरलेली.

सकाळीच मी शेगडीवरची डागणी पुसली होती.

तिथून परतायला हवं होतं. पण परत जाऊन काय करायचं? जो कोण माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसतो त्याच्यासमोर जाऊन बसायचं, काही न बघता?

टिक बर्फाच्या ढिगावर उकरत होता. भुंकत नव्हता. रडल्यासारखा आवाज काढत होता.

पक्षी उडाले.

बर्फातून हातमोजा वर आला होता. उजवा. अंगठा आखूड. लाल दोरा.

मी म्हटलं, हरवला असेल. वादळात गळून पडला असेल.

पण दोन्ही हातमोजे घरी खुंटीवर होते. मी रोज बघत होते.

मी त्याचं टोक धरून ओढलं. तो रिकामा नव्हता.

मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी बर्फ बाजूला करत गेले. बाही. कॉलर. मिशीवर बर्फ होतं, जाड, दाताखाली मोडेल असं. डोळे मिटलेले होते. वैतागलेला चेहरा होता, फाटक कुणी उघडं टाकलं की व्हायचा तसा. मी त्याची दाढ बघितली नाही. गरज नव्हती. हा माझा हार्लन होता, आणि तो मला सोडून गेला होता, आणि मी तिकडे कुणासाठी तरी कॉफी करत होते.

किती वेळ बसले ते आठवत नाही. टिकनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं होतं.

मग मी फावडं घेतलं.

जमीन मऊ होती. बाकीचं कुरण अजून खाली गोठलेलं होतं, पण त्या कोपऱ्यात फावडं लोण्यात शिरावं तसं शिरलं. मी खोल खणलं. कोल्हे येतात.

परत आले तेव्हा ओपल फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि ॲप्रनच्या टोकानं पातं पुसायला लागल्या.

"मऊ लागली?"

मी मान हलवली.

"तुझं नशीब. माझ्या वेळी एकोणपन्नासचा जानेवारी होता. शेणी पेटवून आधी जमीन वितळवावी लागली मला."

वॉल्ट, ओपलचे यजमान, दहा वर्षांपूर्वी छातीच्या कळेनं आमच्या स्वयंपाकघरात गेले. टेकडीवर पुरलेत. शवपेटीला मी हात लावला होता.

"घरात आहे तो कोण?" मी विचारलं.

"तुझा नवरा."

"अन् तिकडे?"

"तोही." त्यांनी फितीची गाठ सारखी केली. "वॉल्ट चांगला होता, मार्वा. त्यानंतर पंचवीस वर्षं. एकदाही आवाज चढवला नाही. आधी चढवायचा." "मला कधी कधी त्या चढलेल्या आवाजाची आठवण यायची. तेवढंच. चल, जेवण गार होतंय."

मी तसं सोडणाऱ्यातली नव्हे. दुपारी, तो कुरणात असताना, मी शेरीफच्या कचेरीला फोन लावला. शेरीफ माझ्या वर्गातला. "बोल मार्वा," तो म्हणाला, "कुणाची गुरं पळवली?" मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? माझा नवरा मेलाय, मी त्याला पुरलंय, आणि तो आत्ता खिडकीबाहेर तार ताणतोय? डाग जुळतो. दाखला जुळतो. ज्या जनावराचं सगळं जुळतं त्याला मी कधी अडवलेलं नाही, कायदाच तसा आहे. "हार्लननं विचारलंय, डाग द्यायच्या दिवशी तू येणार ना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नवरा गेला म्हणून बाई रडते तेव्हा लोक येतात, भांडी भरभरून जेवण आणतात. माझ्याकडे कोण येणार? थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. "मार्वा? बरी आहेस ना गं?" त्याचाच आवाज, तीच काळजी. मी दार उघडलं. रडायला मला दुसरा खांदा नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या शर्टाला गवताचा आणि डिझेलचा तोच वास होता, आणि मी तो पोटभर घेतला.

जूनमध्ये आमच्या गोठ्यातच कोलचं लग्न झालं. आमचा एकुलता एक, आता रँच त्याच्याकडेच जायची. मुलगी शाळेत शिकवते, जोडी नाव, बोलकी, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारी. मला आवडली. आदल्या आठवड्यात मी गावात जाऊन फावडं आणलं. चांगलं, ॲशच्या चिवट लाकडाच्या दांड्याचं. फीत बांधताना हात थांबला. तिला आत्ताच सांगावं, पळ म्हणावं? पण कोल माझा आहे. तो चोवीस वर्षांपूर्वी जन्मला, वासरू पुढच्या सीटवर होतं तेव्हा. त्याला या रँचवर वादळं बघायची आहेतच. त्यातल्या एकात तो राहिला, तर त्याला माती द्यायला त्याचं कुणीतरी असायला हवं. मी गाठ घट्ट मारली.

केक कापून झाल्यावर मी ते बाहेर आणलं. हशा झाला. कुणीतरी हिऱ्यांचा विनोद केला. जोडीनं फावडं दोन्ही हातांत धरलं, फीत हलवून बघितली आणि हसत विचारलं, "पण हे नक्की कशासाठी?"

"पाटाचं पाणी वळवायला," मी म्हटलं.

मग गाणी सुरू झाली. हार्लननं मला नाचायला ओढलं. तो पूर्वी नाचायचा नाही, आता नाचतो, आणि बरा नाचतो. त्याचा अर्धा अंगठा माझ्या पाठीवर होता. गोठ्याच्या उघड्या दारातून खालचं कुरण दिसत होतं, उन्हात, गुडघाभर गवत. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि फाटक लावलंस ना असं विचारावं इतक्या सहज विचारलं,

"खोल खणलंस ना गं?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं, आणि आम्ही गाणं संपेपर्यंत नाचलो.